मात्रा किती, आणि ती ठरवायची कोणी?



घरभेटीला गेलो की, किंवा मिस्सानंतर देवळाच्या अंगणात, काही प्रश्न हळू आवाजात विचारले जातात. "फादर, डॉक्टरांनी मनाची गोळी लिहून दिली आहे, घेऊ का?" "दोन महिने घेतली, आता बरे वाटते, बंद करू का?" "वीसची दिली आहे, अर्धी मोडून घेतली तर चालेल ना?" गोळी किती मिलिग्रॅमची घ्यावी हे सांगणे धर्मगुरूचे काम नव्हे. ते डॉक्टरांनाच विचारायला हवे. पण या प्रश्नांच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो आणि तो डॉक्टरांकडे कोणी नेत नाही. गोळी घेऊन आलेली शांती माझी की गोळीची? रोज प्रार्थना करणाऱ्या माणसाला अशी गोळी लागावी, म्हणजे त्याची श्रद्धा कमी पडली का? आज या प्रश्नाचा थोडा विचार करू.

आधी आजाराविषयी. पीक गेले, घरातले माणूस गेले, तर दुःख होणारच. ते दुःख म्हणजे आजार नव्हे. पण दोन आठवडे आणि त्याहून जास्त काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन काळवंडलेले राहते, कशातच गोडी वाटत नाही, झोप व भूक बिघडते, आपण निरुपयोगी आहोत असे वाटते, मरणाचे विचार येऊ लागतात, तेव्हा त्याला नैराश्य म्हणतात. चिंताविकारात छाती धडधडते, हातपाय थरथरतात, काही वाईट घडणार ही भीती सुटत नाही. आपल्या भागातली माणसे "मन उदास आहे" असे सहसा सांगत नाहीत. डोके जड झाले, अंग दुखते, छातीत कसेतरी होते, असे सांगतात. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशभर केलेल्या मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसले, की साधारण दर २० प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येऊन गेलेले असते, आणि नैराश्याच्या १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नाहीत. रविवारी आपल्या देवळातले बाक भरलेले असतात तेव्हा या आकड्यातली माणसे आपल्या शेजारीच बसलेली असतात.

या औषधांचा शोध कसा लागला ते मोठे बोधप्रद आहे. १९५२ साली अमेरिकेतल्या स्टॅटन आयलंडवरील सी व्ह्यू इस्पितळात क्षयरोग्यांना इप्रोनायाझिड नावाचे नवे औषध दिले जात होते. डॉक्टरांच्या लक्षात आले की कित्येक रोग्यांची मरगळ गेली आहे. ते जेवू लागले, हसू-बोलू लागले. क्षयाच्या औषधाने मनाला उभारी दिली होती. पुढे स्वित्झर्लंडमधल्या रोलंड कून या डॉक्टरांनी इमिप्रामिन या औषधाचा नैराश्यावरील गुण ओळखला आणि १९५७ साली तो जगापुढे मांडला. १९८७ च्या अखेरीस फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही नावे आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवरही दिसतात. मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाच्या कामावर ही औषधे परिणाम करतात. सेरोटोनिन कमी पडले म्हणून नैराश्य आले, इतके सोपे हे गणित नाही असे आता तज्ज्ञच सांगतात. तरीही अनेकांना या गोळ्यांचा गुण येतो.

आता मात्रेकडे वळू. मराठीत 'मात्रा' हा शब्द किती ठिकाणी येतो पाहा. वैद्याची मात्रा, अक्षरावरची मात्रा, कवितेतल्या मात्रा. सगळीकडे अर्थ एकच : नेमके माप. एक जास्त झाली तरी बिघडते, एक कमी झाली तरी बिघडते. गोळ्यांचेही तसेच आहे. एस्सिटॅलोप्राम बहुधा १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात, वयस्क माणसाला किंवा फार घाबरणाऱ्याला ५ पासून, आणि साधारणपणे २० च्या वर नेत नाहीत. सर्ट्रालिन मात्र बहुधा ५० पासून सुरू होते आणि गरज पडल्यास २०० पर्यंत जाते. म्हणून "तुला पन्नासची आहे, म्हणजे तुझा आजार मोठा, मला दहाचीच" असे म्हणण्यात काही अर्थ नाही. ही दोन वेगवेगळी औषधे आहेत, त्यांचे आकडे एका तराजूत घालता येत नाहीत. हे आकडे इथे दिले ते समजण्यासाठी. त्यावरून कोणी स्वतःची किंवा शेजाऱ्याची मात्रा ठरवू नये.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने नीतीविषयी लिहिताना हीच गोष्ट जेवणाचे उदाहरण देऊन समजावली आहे. दहा मापे अन्न फार झाले आणि दोन मापे थोडे झाले, म्हणून तालमीतला वस्ताद सगळ्यांना सहा मापे वाढत नाही. मायलो हा त्या काळचा नामांकित मल्ल. त्याला सहा मापे कमी पडतील, आणि नव्याने तालमीत आलेल्या पोराला तीच फार होतील. मध्य साधायचा असतो, पण तो ज्याचा त्याचा वेगळा असतो, आणि तो जाणत्या माणसाच्या विवेकाने ठरतो. सद्गुणांसाठी सांगितलेला हा नियम औषधाच्या मात्रेला तंतोतंत लागू पडतो. शेजारणीला ज्या गोळीने गुण आला ती गोळी तिच्याकडून मागून घेणे म्हणजे मायलोचे ताट त्या पोरापुढे ठेवणे.

पण जाणत्याचा विवेक चालायचा तर त्याच्यापुढे खरी माहिती यायला हवी. मात्रेचा प्रश्न इथे नीतीचा होतो. समजा, रुग्ण एक दिवस गोळी घेतो आणि दोन दिवस सोडतो. महिन्याने डॉक्टर विचारतात, "नियमित घेता ना?" तो मान हलवतो. डॉक्टरांना वाटते औषध कमी पडते आहे, आणि ते मात्रा वाढवतात. एका छोट्या खोट्याने उपचाराचा पायाच चुकला. दारू चालू असताना "सोडली" असे सांगणे, अंगदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या गोळ्यांचा उल्लेख न करणे, हेही तसेच. मोहाची दारू आणि ही औषधे यांचे जमत नाही. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या या औषधांबरोबर घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रामाडोलबरोबर घेतल्यास तर कधी गंभीर त्रास होऊ शकतो. पूर्वी कधी अनेक दिवस झोपेवाचून अति उत्साहाचे गेले असतील तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण अशा माणसाचा उपचार वेगळा असतो. काही जणांची पती-पत्नी संबंधांतली इच्छा या औषधांनी कमी होते. लाजेने ते सांगत नाहीत, गुपचूप गोळी बंद करतात. डॉक्टरांपुढे लाज बाळगू नका. औषध बदलता येते, मात्रा बदलता येते; पण न सांगितलेल्या त्रासावर कोणालाच इलाज करता येत नाही.

दुसरी अडचण धीराची. ही गोळी तापाच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाही. गुण दिसू लागायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता परिणाम यायला सहा-आठ आठवडेही लागतात. त्याआधी पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, कधी जास्तच बेचैनी होते. म्हणजे आधी त्रास, नंतर आराम. इथेच पुष्कळ जण गोळी फेकून देतात. विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर पहिल्या काही आठवड्यांत घरच्यांनी लक्ष ठेवावे. मरणाचे विचार वाढताना दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि बरे वाटू लागले म्हणजे काम संपले असेही नाही. बरे वाटल्यानंतर निदान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायला सांगतात. आजार पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याहून जास्त. आपल्याकडे क्षयाचे औषध सहा महिने घेतलेली माणसे घरोघर आहेत. खोकला थांबला तरी औषध थांबवायचे नाही, हे त्यांना पाठ आहे. तोच नियम इथे लावा. थांबवायची वेळ आली की डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके असा त्रास होऊ शकतो. त्यावरून "गोळीचे व्यसन लागले" असा समज होतो. पण दारूसारखी हिची तलफ लागत नाही, आणि मजा वाटावी म्हणून रोज जास्त जास्त लागते असेही नाही. झोपेसाठी व घबराटीसाठी देतात त्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या वेगळ्या. त्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या सहसा थोडेच दिवस देतात. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

आता मूळ प्रश्न. गोळीने आलेली शांती खरी की उसनी?

हा प्रश्न पडतो, कारण आपण शरीर एक आणि आत्मा निराळा असे धरून चालतो. जणू आत्मा हा घोडेस्वार आणि शरीर हा घोडा. संत थॉमस अक्वायनस यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते माणूस एकच आहे. आत्मा हा त्या देहाचाच प्राणरूप आहे. म्हणून दुःखावर उपाय सांगताना हे तेराव्या शतकातले संन्यासी लाजले नाहीत. आनंद, रडणे, मित्रांची सहानुभूती आणि सत्याचे चिंतन हे उपाय सांगून झाल्यावर त्यांनी झोप आणि स्नान हेही उपाय म्हणून सांगितले. एवढा मोठा ईशज्ञानी, पण दुःखी माणसाने अंघोळ करावी आणि झोपावे, हे सांगायला त्याला कमीपणा वाटला नाही. देह सावरला की मन सावरते आणि ते सावरलेले मन त्याच माणसाचे असते.

उपाशी माणूस चिडतो. त्याला भाकरी दिली की तो शांत होतो, मुलांशी गोड बोलतो. हा गोडवा भाकरीचा, माणसाचा नव्हे, असे आपण म्हणतो का? गोडवा त्याचाच होता. भुकेने त्यावर झाकण घातले होते, भाकरीने ते उचलले. गोळीचे कामही एवढेच. गोळी कोणाला क्षमा करायला शिकवत नाही, लेकरावर प्रेम करायला लावत नाही, प्रामाणिक बनवत नाही. ते सगळे माणसालाच करावे लागते. मात्र जो अंथरुणातून उठूच शकत नाही, त्याला उठण्याइतके बळ ती देऊ शकते. उठल्यावर कुठे जायचे, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

बायबलमधला एलिया संदेष्टा आठवा. कार्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला माणूस, पण राणीच्या धमकीने भ्यायला, रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि देवाकडे मरण मागू लागला. मग झोपी गेला. देवदूत आला तो उपदेश घेऊन नाही. त्याने एलियाला 'तुझी श्रद्धा कुठे गेली' असे विचारले नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे त्याने समोर ठेवले. एलिया खाऊन पुन्हा झोपला. दूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा खायला लावले, कारण पुढची वाट लांबची होती. तू इथे काय करतोस, हा देवाचा प्रश्न आला तो त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर. आधी भाकर, झोप, पुन्हा भाकर, प्रश्न नंतर. आपण नेमके उलटे करतो. खचलेल्या माणसाला आधी प्रश्न विचारतो, आणि भाकरीची आठवण आपल्याला शेवटी होते.

म्हणून स्पष्ट लिहितो. "खरी श्रद्धा असेल तर गोळ्या टाकून दे" असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. भगताला नाही, प्रार्थनासभा घेणाऱ्याला नाही, धर्मगुरूलाही नाही. औषधे देवानेच भूमीतून उत्पन्न केली आणि शहाणा माणूस ती नाकारत नाही, असे बेन सिराने ख्रिस्तापूर्वी सांगून ठेवले आहे. आजाऱ्याने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही जागा द्यावी, हे दोन्ही त्याने एकाच ठिकाणी सांगितले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी वयाच्या ४२ व्या वर्षी आपण सहा महिने एका मनोविश्लेषक बाईंकडे जात होतो, हे २०१७ साली उघडपणे सांगितले. पोपमहोदयांना लाज वाटली नाही, तर आपल्याला का वाटावी?

तरीही एक अवघड प्रश्न उरतो आणि तो टाळून चालणार नाही. एक बाई रात्री मार खाते. तिला झोप येत नाही, रडू आवरत नाही. नवरा, सासू तिला डॉक्टरांकडे नेतात, गोळी सुरू होते. रडणे थांबत नाही म्हणून मात्रा वाढते. मार मात्र चालूच. इथे आजार कोणाला आहे? गोळी अन्याय सोसण्यासाठी नसते. ती घेऊन बाईला उभे राहण्याचे बळ यावे, तिच्या तोंडाला कुलूप लागू नये. घरातल्या मारझोडीविरुद्ध २००५ चा कायदा आहे, १८१ हा महिलांसाठी मदत क्रमांक आहे. मुकादमाची उचल, सावकाराचे कर्ज, नवऱ्याची दारू यांनी माणूस खचला असेल तर गोळी द्यावीच, पण तेवढ्यावर समाजाने आणि धर्मग्रामाने हात झटकू नयेत. जे दुःख शेजाऱ्याने वाटून घ्यायचे ते गोळीवर लोटणे, ही चुकीची मात्रा आहे.

याचा पडताळा गोव्यात आला आहे. तिथल्या सरकारी रुग्णालयांत ४५० रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काहींना फ्लुओक्सेटिन, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, काहींना समुपदेशन दिले. दोन महिन्यांनी खरी गोळी घेणारे नकली गोळीवाल्यांपेक्षा चांगले सुधारले होते. समुपदेशनाचा मात्र तेव्हा वेगळा फायदा दिसला नाही. पण गोव्याच्या 'संगत' या संस्थेने प्रयत्न सोडला नाही. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून त्यांनी सहा ते आठ भेटींची एक सोपी पद्धत बसवली : रुग्णाला बोलते करायचे आणि पूर्वी आवडणारी छोटी छोटी कामे पुन्हा करायला लावायची. २०१७ साली तिचा चांगला परिणाम सिद्ध झाला. म्हणजे गोळीला गुण आहे, आणि नीट शिकून केलेल्या सोबतीलाही आहे.

घरच्यांसाठी दोन शब्द. चहात किंवा भाजीत गोळी लपवून देऊ नका. हेतू चांगला असला तरी ती फसवणूक आहे, आणि एकदा कळले की तो माणूस घरच्या अन्नावरही विश्वास ठेवणार नाही. उपचाराविषयी समजून घेण्याचा व आपले मत देण्याचा रुग्णाचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे धरावे, त्याला शिक्षा करू नये, असेही तोच कायदा सांगतो. तेव्हा पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. मरणाचे बोलणाऱ्या माणसाजवळ महिन्याच्या गोळ्या एकदम ठेवू नका. त्याला सांगून त्या घरातल्या विश्वासू माणसाकडे ठेवा, शेतातले विषारी औषधही कुलपात ठेवा.

आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्यांनी कोयता, भांडी, धान्य बांधताना गोळ्यांचाही हिशेब करावा. जाण्याआधी डॉक्टरांना सांगावे, "आता होळीपर्यंत येणे नाही." ते पुरेसे औषध लिहून देतील, किंवा पुढे कुठे घ्यायचे ते सांगतील. चिठ्ठी जपून सोबत ठेवा. पडावावर गोळी संपली, म्हणून उपचारही संपला, असे होऊ देऊ नका.

ज्यांना कोणाशी बोलावेसे वाटते पण गावात बोलायची भीती वाटते, त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस ही सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी फुकट लावता येतो, मराठीतही बोलता येते. धर्मगुरूच्या घराचे दारही उघडे आहे. इथे मात्रा ठरवून मिळणार नाही, पण दवाखान्यापर्यंत सोबत नक्की मिळेल.

येत्या आठवड्यात आपल्या वाड्यातला, पाड्यावरचा जो माणूस हल्ली दिसत नाही, त्याच्या घरी एकदा जाऊन या. हातात उपदेश नेऊ नका. भाकर न्या, थोडे बसा, आणि तो बोलला तर ऐकून घ्या.

ख्रिस्तामध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू